उतारा कुणाच्या नावावर?

आमच्या घरी पत्र्याची एक पेटी होती. तिच्यात आईचा लग्नातला शालू, वडिलांचा शाळेचा दाखला आणि सगळ्यांत खाली, जुन्या फडक्यात गुंडाळलेला एक कागद असे. तो होता आमच्या दीड एकराचा सातबारा. उत्रोली म्हणजे भोर शहराला लागून असलेले गाव. इकडे पाऊस भरपूर, खाचरात भात, उतारावर नाचणी-वरई. दीड एकर म्हणजे काही जहागीर नव्हे. पण पावसाळ्यात घर गळू लागले, की आजोबा पहिल्यांदा त्या पेटीवर घोंगडे टाकत, मग बाकीच्या सामानाकडे पाहत.

आजोबांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांना अक्षरओळख नव्हती. पण उताऱ्यावर आपले नाव कोणत्या ओळीत आहे, ते बरोबर बोट ठेवून दाखवत. घरात ते आमच्याशी दखनी बोलत. जमिनीचा विषय निघाला की मात्र मराठीवर येत. चावडीची भाषा तीच होती आणि जमीन चावडीत मिळाली होती.

बी.ए.ला माझा विषय इतिहास होता. परीक्षेच्या दिवसांत मी पडवीत मोठ्याने वाचत बसायचो आणि दादा बाजेवर पडून ऐकायचे. एका रात्री धडा चीनचा होता. कम्युनिस्टांनी जमीनदारांच्या जमिनी काढून घेतल्या आणि कोट्यवधी शेतकऱ्यांना वाटल्या, असे मी वाचले. दादा उठून बसले. म्हणाले, "जमीन दिली म्हनतोस, मग उतारा कुनाच्या नावावर निघतो?"

मला उत्तर देता आले नाही. परीक्षेतही तो प्रश्न आला नाही. पण चीनमध्ये कम्युनिस्टांचे राज्य कसे आले आणि आल्यावर काय झाले, हे समजून घेताना त्या एका प्रश्नाइतका उपयोग मला दुसऱ्या कशाचा झाला नाही. आज त्याच्याच आधाराने चार गोष्टी सांगणार आहे.

चीनची क्रांती आपल्याला फार दूरची वाटते. खरे तर ती सोलापूरच्या एका माणसाने अगदी आतून पाहिली. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे नाव आपल्याला माहीत आहे, ते बरेचसे व्ही. शांतारामांच्या १९४६ सालच्या ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ या चित्रपटामुळे. तो चित्रपट जपानविरुद्धच्या लढ्याचा आणि एका प्रेमाचा होता. कोटणीस ज्या लोकांत राहिले ते कोण होते आणि पुढे राज्यावर कसे बसले, हा चित्रपटाचा विषय नव्हता.

चीनमध्ये तेव्हा दोन पक्ष होते. एक चँग कै शेक यांचा कुओमिंतांग, दुसरा कम्युनिस्ट. सुरुवातीला दोघे एकत्र होते. एप्रिल १९२७ मध्ये चँग यांनी शांघायमध्ये कम्युनिस्टांची कत्तल केली आणि तिथून यादवी सुरू झाली. १९३४ च्या ऑक्टोबरात वेढ्यात सापडलेले सुमारे ८६ हजार कम्युनिस्ट सैनिक दक्षिणेतून पायी निघाले. वर्षभर चालून वायव्येकडे पोहोचले तेव्हा त्यांतले जेमतेम सात-आठ हजार उरले होते. हाच तो ‘लाँग मार्च’. त्या वाटेवर माओ त्से तुंग यांचे नेतृत्व पुढे आले. येनानच्या कोरड्या, पिवळ्या मातीच्या डोंगरांत गुहा खोदून हे लोक राहू लागले. तेव्हा त्यांना कुणीही उद्याचे राज्यकर्ते म्हटले नसते.

त्यांना वाचवले ते एका अर्थाने जपानने. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण चढाई केली. त्याआधीच, डिसेंबर १९३६ मध्ये, चँग यांच्याच एका सेनापतीने त्यांना शीआन येथे पकडून ठेवले होते आणि आपसात लढण्याऐवजी जपानशी लढा, असा आग्रह धरला होता. दोन्ही पक्षांनी वरवर का होईना हातमिळवणी केली. कम्युनिस्ट सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. सुभाषचंद्र बोस त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष होते. देशभर वर्गणी गोळा झाली आणि १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच डॉक्टर मुंबईहून बोटीने निघाले. स्पेनच्या यादवीत काम करून आलेले डॉ. अटल प्रमुख. डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी बंगालचे. नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस हे दोघे आपल्याकडचे. कोटणीस तेव्हा २७ वर्षांचे होते.

चँग यांच्या राजधानीत, चुंगकिंगला असताना वडील वारल्याची बातमी त्यांना मिळाली. ते परतले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. त्या वर्षाच्या अखेरीस कोटणीस त्याहून पुढे, जपानी फौजेच्या पिछाडीला असलेल्या डोंगराळ मुलुखात गेले. तिथल्या खेड्यांत सत्ता कम्युनिस्टांची होती. दिवसा जपानी तुकडी येऊन गाव जाळी, रात्री गावकरी परत येत. दवाखाना एका जागी राहत नसे. आज या घराच्या ओसरीत, उद्या पलीकडच्या डोंगरात. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून याच भागात शस्त्रक्रिया करताना हाताला जखम होऊन नोव्हेंबर १९३९ मध्ये वारले होते. त्यांच्या नावाच्या इस्पितळाचे प्रमुखपद १९४१ च्या जानेवारीत कोटणीसांकडे आले. ते चिनी भाषा शिकले, चिनीत शिकवू लागले. परिचारिकांना शिकवणाऱ्या कुओ चिंगलान यांच्याशी त्यांचे लग्न झाले. मुलाचे नाव ठेवले यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय अवघे ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. जाण्याच्या काही महिने आधी ते कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले होते.

सोलापूरहून निघालेला हा माणूस काही कम्युनिस्ट व्हायला गेला नव्हता. काँग्रेसने पाठवलेला डॉक्टर होता तो. त्याचे मन तिकडे का वळले असेल? मला वाटते, चीनचे शेतकरी ज्या कारणाने वळले तेच कारण असावे. त्या खेड्यांत त्याने जे पाहिले असेल, ते समजून घेतले की पुढचा इतिहास कळतो.

चीनमध्ये तेव्हा दर पाच माणसांत चार खेड्यांत राहत. अनेक भागांत कुळाच्या पिकातला अर्धा वाटा मालकाकडे जाई, वर सावकाराचे व्याज. आपल्याकडच्या अर्धेलीसारखेच. जपानविरुद्धच्या युद्धकाळात कम्युनिस्टांनी जमिनी काढून घेणे थांबवले होते. सगळ्यांना बरोबर घ्यायचे होते. त्याऐवजी त्यांनी खंड पंचवीस टक्क्यांनी उतरवला आणि व्याजाला मर्यादा घातली. शिवाय सैन्याला काही साधे नियम घालून दिलेले होते. नीट बोला, घेतलेल्या वस्तूचे पैसे द्या, उसने आणलेले परत करा, पिके तुडवू नका. रात्री झोपायला घराच्या दाराच्या फळ्या काढून घेतल्या असतील तर सकाळी त्या जागच्या जागी बसवून जा. आपल्याला ही बालबोध वाटतील. पण फौज येते आहे म्हटल्यावर ज्या शेतकऱ्याच्या छातीत पिढ्यान् पिढ्या धस्स होत आले, त्याला दाराची फळी परत बसवणारा शिपाई पाहून काय वाटले असेल, याचा विचार करा.

याउलट चँग यांच्या बाजूला काय चालले होते? जून १९३८ मध्ये जपानी फौज अडवण्यासाठी त्यांच्या सैन्याने पीत नदीचा बांध फोडला. पुढे जपानी होते, पण पाण्यात बुडाले ते चिनी शेतकरी. लाखो माणसे मेली, त्याहून कितीतरी अधिक देशोधडीला लागली. चार वर्षांनी होनान प्रांतात दुष्काळ पडला. वीस ते तीस लाख माणसे उपाशी मेली आणि सरकारची धान्यवसुली तरीही चालू राहिली. १९४४ मध्ये जपानी सैन्य त्या प्रांतात घुसले, तेव्हा शेतकऱ्यांनी पळणाऱ्या आपल्याच सैनिकांची हत्यारे काढून घेतली. राज्य कोसळते ते असे. राजधानीत कळण्याच्या फार आधी ते बांधावर कोसळलेले असते.

आकडेच पाहा. १९३७ मध्ये कम्युनिस्ट पक्षाचे सभासद सुमारे ४० हजार होते. १९४५ मध्ये ते १२ लाखांवर गेले.

ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण गेला आणि पुढच्या वर्षी यादवी पुन्हा पेटली. चँग यांच्याकडे ४० लाखांहून मोठे सैन्य, विमाने, शहरे आणि अमेरिकेची मदत होती. कम्युनिस्टांचे सैन्य त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. कम्युनिस्टांनाही बाहेरची मदत नव्हती असे नाही. मांचुरियात शिरलेल्या रशियन फौजेमुळे जपान्यांची बरीच हत्यारे त्यांच्या हाती पडली. पण केवळ हत्यारांनी निकाल लागला असता, तर तो चँग यांच्या बाजूने लागला असता.

शहरांत त्यांना महागाईने बुडवले. युद्ध चालवण्यासाठी सरकार नोटा छापत गेले. ऑगस्ट १९४८ मध्ये नवे चलन काढले तेव्हा जुन्या ३० लाखांना नवा एक, असा दर ठरला. लोकांनी घरातले सोने-चांदी सरकारजमा करावे असा हुकूम निघाला. ज्यांनी इमानाने दिले ते भिकेला लागले, कारण नवी नोटही काही महिन्यांत कवडीमोल झाली. पगाराचे पैसे हातात पडताच लोक तांदळाच्या दुकानाकडे धावत सुटत. संध्याकाळी भाव वाढलेला असे. मास्तर, कारकून, दुकानदार हा चँग यांचा आधार होता. तो असा सुटला.

खेड्यांत कम्युनिस्टांनी आता जमीनवाटप सुरू केले. १९४७ च्या ऑक्टोबरात कायदाच जाहीर झाला. ज्याच्या घरी जमीन आली, त्याचा मुलगा सैन्यात गेला. चँग परत आले तर जमीन जाणार, हे त्याला कुणी समजावून सांगावे लागले नाही. नोव्हेंबर १९४८ ते जानेवारी १९४९ या काळात हुआइहाई येथे जी प्रचंड लढाई झाली, तिच्यात चँग यांचे पाच लाखांहून अधिक सैनिक गेले. कम्युनिस्टांच्या सैन्याला दाणागोटा पोहोचवायला, चिनी सरकारच्या आकडेवारीनुसार, ५४ लाख शेतकरी राबत होते. एकचाकी हातगाड्या ढकलत, चिखल तुडवत. हा विजय शेतकऱ्यांनी हातगाड्या ढकलून आणला, अशा अर्थाचे उद्गार सेनापती चेन यी यांनी काढले होते, ते उगाच नाही.

पण याच काळातली दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९४८ मध्ये मांचुरियातल्या चांगचुन शहराला कम्युनिस्ट फौजेने पाच महिने वेढा घातला. आतल्या चँगच्या सैन्याने नागरिकांना अन्न दिले नाही आणि बाहेरच्या सैन्याने त्यांना बाहेर पडू दिले नाही. दोन फौजांच्या मधल्या पट्ट्यात माणसे गवत खाऊन मेली. मृतांचे अंदाज दीड लाखाच्या पुढे जातात. दाराची फळी परत बसवणारे आणि भुकेलेल्यांना अडवणारे, दोघे एकाच सैन्यातले होते.

१ ऑक्टोबर १९४९ रोजी पेकिंगच्या तिएन-आन-मेन चौकात माओंनी चिनी लोकगणराज्याची घोषणा केली. डिसेंबरात चँग तैवानला निघून गेले आणि ३० डिसेंबरला भारताने नव्या सरकारला मान्यता दिली.

आता दादांच्या प्रश्नाकडे येतो.

१९५० ते १९५२ या काळात देशभर जमीनवाटप झाले. सुमारे ३० कोटी शेतकऱ्यांना जमीन मिळाली. ही लहान गोष्ट नव्हे. पण ती मिळाली भर चौकातल्या सभांमधून. जमीनदाराला गावापुढे उभे करायचे, गुन्हे वाचायचे आणि पुष्कळदा तिथेच संपवायचे. किती मारले गेले याचे अंदाज काही लाखांपासून वीस लाखांपर्यंत आहेत. शेतकऱ्याला कागद मिळाला. त्या कागदाचे आयुष्य किती? १९५३ पासून धान्याचा व्यापार सरकारने हाती घेतला. मग सहकारी शेती आली आणि १९५८ मध्ये ‘कम्यून’. जमीन, बैल, अवजारे, इतकेच काय, घरातली चूलसुद्धा सार्वजनिक झाली. जो उतारा शेतकऱ्याने पाच-सात वर्षांपूर्वी हातात घेतला होता, त्याला काही अर्थ उरला नाही.

अधिकाऱ्यांनी पीक फुगवून सांगितले, सरकारने त्या फुगवलेल्या आकड्यावर वसुली केली आणि १९५९ ते १९६१ या काळात इतिहासातला सर्वांत मोठा दुष्काळ पडला. बळींचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. १९४२ मध्ये ज्या होनान प्रांतात चँग यांच्या सरकारने उपाशी शेतकऱ्यांकडून धान्य वसूल केले, त्याच होनानमधल्या शिनयांग भागात आता सरकारी कोठारांत धान्य असताना सुमारे दहा लाख माणसे मेली. हातगाड्या ढकलणाऱ्यांपैकी किती जण त्या काळात गेले असतील, याची मोजदाद कुणी केली आहे, असे माझ्या वाचनात नाही.

हे वाचून ‘बघा, आपलेच बरे’ असे म्हणत छाती फुगवावी, असे मात्र मला वाटत नाही. आपल्याकडे काय झाले ते दादांच्या तोंडून ऐकलेले आहे. मार्च १९४८ मध्ये भोर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७, म्हणजे कृषकदिनापासून, कसणारे कूळ मालक मानले जाऊ लागले. हा कायदाही आभाळातून पडला नाही. गोदावरी परुळेकरांनी वारल्यांना उभे केले, बार्शीच्या अमर शेखांनी डफावर थाप मारून गावोगाव शेतकरी-कामगारांचे दुःख गायले, तेव्हा कुठे कायदे करणाऱ्यांना घाई झाली. आणि कायदा यायच्या आधी ठिकठिकाणी कुळांकडून ‘आम्ही राजीखुशीने जमीन सोडतो’ असे कागद करून घेतले गेले. दादांपुढेही तसा कागद आला होता. शेजारच्या बांधावरचे एक शहाणे गृहस्थ म्हणाले, "भाई, अंगठा खिशात ठेव." दादांनी ठेवला. ज्यांना असा शेजारी भेटला नाही, त्यांच्या जमिनी गेल्या. दादांना मात्र ३२-ग ची किंमत ठरली, हप्ते भरले गेले, उताऱ्यावर नाव लागले. कुणालाही चौकात उभे करावे लागले नाही. पण पुष्कळांपर्यंत न्याय पोहोचलाच नाही, हेही तितकेच खरे.

अमर्त्य सेन यांनी एक गोष्ट दाखवून दिली आहे. वर्तमानपत्रे आणि निवडणुका असलेल्या देशात मोठे भूकबळी सहसा पडत नाहीत, कारण बातमी दाबता येत नाही आणि मत मागायला परत यावे लागते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्र होरपळला, पण बातम्या छापल्या गेल्या, विधानसभेत आरडाओरडा झाला, खडी फोडण्याची का होईना कामे निघाली. याच सेनांनी हेही सांगितले आहे, की रोजच्या कुपोषणाशी आणि निरक्षरतेशी लढण्यात चीन आपल्या फार पुढे होता. दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवाव्या लागतात.

चीनमधल्या त्या उताऱ्याची गोष्ट तिथेच संपत नाही. डिसेंबर १९७८ मध्ये आन्हुई प्रांतातल्या शिआओगांग या खेड्यात १८ शेतकरी रात्री गुपचूप जमले. कम्यूनची जमीन घरटी वाटून घ्यायची, असे त्यांनी एका कागदावर लिहिले आणि खाली लाल अंगठे उठवले. गुन्हा उघडकीला येऊन पुढारी तुरुंगात गेले, तर त्यांची मुले अठरा वर्षांची होईपर्यंत बाकीच्यांनी सांभाळायची, असेही त्यात लिहिले होते. पुढच्या वर्षी पीक कित्येक पटींनी वाढले. सरकारने शिक्षा न करता तीच पद्धत देशभर स्वीकारली. तरी मालकी शेतकऱ्याची झाली नाही. आजही तिथे शेतजमीन गावाच्या सामुदायिक मालकीची असते. शेतकऱ्याला ती कसण्याचा हक्क आहे.

कोटणीसांना यातले काहीच पाहायचे नव्हते. त्यांचा मुलगा यिनहुआ डॉक्टरकी शिकत असताना १९६७ मध्ये ऐन पंचविशीत वारला. पत्नी २०१२ पर्यंत हयात होत्या. शिजियाचुआंगच्या हुतात्मा स्मारकात कोटणीसांची समाधी आहे. १९६२ चे युद्ध झाले, सीमेवर आणखी काय काय झाले, पण तिथे फुले वाहिली जातात. ज्या शेतकऱ्यांवर त्यांनी ओसरीत शस्त्रक्रिया केल्या, त्यांच्यासाठी ते आले होते. पक्ष पुढे कसा वागला, याचा हिशेब त्यांच्या खात्यावर मांडता येणार नाही.

दादा गेले त्याला बरीच वर्षे झाली. आता उतारा संगणकावर निघतो. फडक्यातला जुना कागद मी ठेवून दिला आहे. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आता मला देता आले असते. मी म्हणालो असतो, "दादा, उतारा त्यांच्या नावावर निघाला होता. पण ज्यांनी दिला, त्यांनीच तो परत घेतला. आणि परत घेताना ‘देणार नाही’ म्हणायची सोय त्यांना ठेवली नव्हती."

दादांना ते लगेच समजले असते. अंगठा खिशात ठेवता येणे म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते.